‘आज नको’ असे कोणी म्हणायचे?

दिवाळी उलटली की कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागते, ती थेट मे महिन्यापर्यंत. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राईड या प्रकारांची नवलाई आता ओसरली आहे. अलीकडे त्यांच्या शेजारीच वाळूवर पिवळ्या-नारिंगी प्लास्टिकच्या निमुळत्या होड्यांची ओळ मांडलेली दिसते. ही कयाक. हिला इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. दोन्ही टोकांना पाते असलेले एक वल्हे आणि बसणाऱ्याचे दोन हात एवढ्यावर ती चालते. कांदळवनाच्या अरुंद पाणवाटेत, जिथे यांत्रिक बोटीने पक्षी उडून जातात, तिथे कयाक अलगद शिरते. पर्यटनाच्या नावाखाली आपण किनाऱ्यावर जे जे आणले, त्यात निसर्गाला सर्वांत कमी उपद्रव देणारा हा प्रकार आहे. त्याचे स्वागतच करायला हवे.

परंतु नवख्या माणसाला या होडीत बसवण्याची आपली पद्धत पाहिली की मन साशंक होते. पैसे घेतले जातात, घामाने ओले झालेले लाइफ जॅकेट गळ्यात अडकवले जाते, त्याचे पट्टे बहुधा लोंबतच असतात. वल्हे कसे धरायचे हे एका मिनिटात सांगून होते. मग मोबाइलवर फोटो, आणि पाठीमागून एक ढकल. होडी उलटली तर काय करायचे हे सांगितलेले नसते, कारण तो विषय काढला तर गिऱ्हाईक बिचकते. बहुतेक दिवशी काहीही होत नाही. शंभर जण जातात आणि शंभर जण हसत परत येतात. खरी अडचण इथेच आहे. काही न होण्याचे हे दिवस आपल्याला असे शिकवतात, की आपण करतो ते बरोबरच आहे.

या भ्रमाची किंमत काय असू शकते, हे तीन दशकांपूर्वी इंग्लंडमधील एका शाळेच्या सहलीने दाखवून दिले. त्या दुर्घटनेनंतर तिथे कायदा झाला. आपल्याकडे साहसी पर्यटनाचे नियम आता कुठे रुळू लागले आहेत. म्हणून ती घटना इथे थोड्या तपशिलाने सांगणे अस्थानी ठरणार नाही.

जेमतेम दोन मैलांचा प्रवास

२२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावातून, प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन समुद्रात उतरले. शेजारच्या चारमथ गावापर्यंत जायचे होते. अंतर जेमतेम दोन मैल. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत सारे परतायचे होते. मुले नवखी होती. प्रशिक्षकांची पात्रताही अगदी प्राथमिक पातळीची होती आणि उघड्या समुद्रावर नवख्यांचा गट नेण्याला ती मुळीच पुरेशी नव्हती.

निघाल्यानंतर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटली. एक प्रशिक्षक त्यांना सावरण्यासाठी मागे थांबला. दुसऱ्याने आठही मुलांच्या कयाक एकमेकींना लावून त्यांचा तराफ्यासारखा एक गट केला आणि तो वाट पाहू लागला. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. वाट पाहता पाहता तो गट किनाऱ्यापासून दूर दूर जाऊ लागला. जसजसे अंतर वाढले तसतशा लाटा वाढल्या. बैठकीच्या खोबणीतून पाणी आत येऊ नये म्हणून कयाकला एक कापडी झाकण लावतात, ते या मुलांच्या होड्यांना नव्हते. होड्या पाण्याने भरल्या, एकेक करून उलटल्या आणि सारी मुले थंडगार पाण्यात पडली. जवळ इशाऱ्याचे अग्निबाण नव्हते, रेडिओ नव्हता. निघताना तटरक्षकांना कळवलेले नव्हते. गट दुपारी पोहोचला नाही, तरी शोधयंत्रणेला प्रत्यक्ष खबर मिळायला दुपारचे साडेतीन वाजून गेले. हेलिकॉप्टरने त्यांना वर काढले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सोळा-सतरा वर्षांची चार मुले दगावली.

पुढे खटला उभा राहिला तेव्हा एक गोष्ट उजेडात आली. त्याच केंद्रात काम करणाऱ्या प्रशिक्षकांनी तिथल्या असुरक्षित कारभाराला कंटाळून नोकरी सोडली होती, आणि दुर्घटनेच्या काही महिने आधी व्यवस्थापनाला लेखी इशाराही दिला होता. त्या पत्राची दखल घेतली गेली नाही. डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने केंद्र चालवणाऱ्या कंपनीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासात एखाद्या कंपनीलाच असे दोषी ठरवण्याची ती पहिली वेळ. व्यवस्थापकीय संचालकाला तीन वर्षांची कैद झाली, ती अपिलात दोन वर्षांवर आली. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांच्या साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९९६ पासून अशा केंद्रांना परवाना सक्तीचा झाला.

या साऱ्या हकिकतीत वादळ कुठेही नाही. खवळलेला समुद्र, राक्षसी लाट असे काही नाही. आहे तो जमिनीवरून येणारा वारा, अपुरे साहित्य आणि अपुरी तयारी. आणि मुख्य म्हणजे, त्या सकाळी ‘आज या मुलांना घेऊन निघायचे नाही’ असे म्हणू शकेल अशा अधिकाराचा माणूसच त्या वाळूवर नव्हता.

मतलई वाऱ्याचा धडा

यावर कोणी म्हणेल, की तो थंड देशातला समुद्र. आपले पाणी कोमट, आपल्याकडे असे कसे होईल? यात अर्धे सत्य आहे. मार्चमधल्या इंग्लंडच्या समुद्रात माणसाचे हातपाय अल्पावधीत निकामी होतात, कोकणच्या समुद्रात तसे होत नाही. इथे माणूस पाण्यात बराच अधिक काळ तग धरू शकतो. पण ऊन, तहान, थकवा आणि घाबरगुंडी यांना कोमट पाण्याचा अडसर नाही. आणि वारा तर दोन्हीकडे सारखाच.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे यांच्यावर उत्तरे लिहिली आहेत. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. हिवाळ्यात हा मतलई पहाटेपासून सकाळी चांगले उजाडेपर्यंत टिकतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी-गाबीत मच्छीमारांचे दिवसाचे वेळापत्रकच त्यावर बसवलेले असे. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचे.

मच्छीमाराला बाहेर नेणारा हा वारा नवख्या वल्हेकऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. जमिनीकडून वारा वाहत असताना किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे असते, कारण तिथे डोंगर, झाडे, घरे यांचा आडोसा असतो, आणि लाट वाढायला वाऱ्याला मोकळे अंतर मिळालेले नसते. पर्यटकाला वाटते, काय सुरेख शांत समुद्र आहे! तो वारा पाठीशी घेऊन मजेत वल्हवत जातो, आपण फार झपाट्याने शिकलो असे समजतो. परत फिरायला होडी वळवली की तोच वारा तोंडावर येतो. पाण्यावर उंच तरंगणारी, हलकी प्लास्टिकची कयाक वाऱ्याला पाचोळ्यासारखी सापडते. हात भरून येतात आणि किनारा जवळ येत नाही. समुद्र शांत दिसतो म्हणजे तो सुरक्षित आहे, हा नवख्याचा पहिला समज, आणि तोच सर्वांत महाग पडणारा.

दुपारचा खारा वारा निदान किनाऱ्याकडे ढकलतो. पण तो लाटा उठवतो, आणि किनाऱ्यालगत फुटणाऱ्या लाटेत होडी आडवी सापडली की उलटते. ओहोटीला खाडीतले पाणी मुखातून जोराने बाहेर धावते आणि समोरून लाट आली की तिथे पाणी उसळते. खाडीत आरामात फिरणारी होडी या ओढीबरोबर नकळत मुखापर्यंत जाते. हे सारे किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या तांडेलाला ठाऊक असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला तोंडी हिशेब आजही फारसा चुकत नाही. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने ओढही जास्त. आता तर हैदराबादची राष्ट्रीय संस्था ‘इन्कॉइस’ लाटा, वारा आणि उधाण यांचे अंदाज रोजच्या रोज प्रसिद्ध करते. माहितीचा तुटवडा नाही. प्रश्न आहे तो, ती माहिती होडी भाड्याने देण्याच्या क्षणी कोणाच्या निर्णयाला धरून असते, याचा.

आधी उलटायला शिका

कयाक ही मुळात खेळाची वस्तू नव्हे. ग्रीनलंड, अलास्का आणि उत्तर कॅनडातील इनुइट व त्यांच्या शेजारच्या लोकांनी ती शिकारीसाठी घडवली. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचे ताणून शिवलेले कातडे. बर्फगार पाण्यात उलटल्यावर होडीतून बाहेर पडणे म्हणजे मरण. म्हणून वल्ह्याच्या एका झटक्यात होडीसकट पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी विकसित केली. कयाकच्या जन्मापासूनच तिच्या शिक्षणात उलटणे गृहीत धरलेले होते, अपघात म्हणून नव्हे तर रोजची बाब म्हणून.

आजही जगभर समुद्री कयाकच्या चांगल्या वर्गात नवख्याचा आरंभ तिथूनच होतो. आपल्याकडच्या वर बसायच्या उघड्या कयाकसाठी तर हा धडा अगदी सोपा आहे. कमरेइतक्या पाण्यात नेऊन होडी मुद्दाम उलटवायची. जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढून पाहायचे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पट्टे सैल आहेत. पाण्यात पडल्यावर पहिले काम म्हणजे होडी धरणे, कारण रिकामी कयाक वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळते आणि वाचवणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लांबून दिसते. लाटा फुटत असतील तर होडी आणि किनारा यांच्या मधे राहायचे नाही, नाहीतर लाट तीच होडी अंगावर आणते. मग होडी सरळ करायची, पाय पाण्यावर मारत पोटावर तिच्यावर चढायचे, वळायचे आणि बसायचे. दोनदा करून पाहिले की भीती जाते. अर्ध्या तासाचे काम आहे. हा अर्धा तास ज्याने घालवला तो पाण्यात पडल्यावर काय करायचे ते जाणतो. ज्याने घालवला नाही तो किंचाळतो, होडी सोडतो आणि पोहत किनारा गाठू पाहतो.

लाइफ जॅकेट म्हणजे सुरक्षितता, असे आपण धरून चाललो आहोत. तेवढेसुद्धा आपल्याला नीट जमलेले नाही, ही गोष्ट वेगळी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बहुसंख्य मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जणांचा बळी गेला, आणि मग फेरीबोटींवर जॅकेट घालण्याची सक्ती आठवली. या चुका कयाकवाल्यांच्या नव्हेत, पण पाण्याकडे पाहण्याची आपली सर्वसाधारण सवय त्या दाखवतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची १४ मुले बुडाली, तेव्हा तर होडीही नव्हती. ओहोटीच्या पाण्यात उतरणे एवढेच निमित्त होते. प्रत्येक वेळी आपण चौकशी नेमतो, काही दिवस किनारा बंद ठेवतो, आणि पुढच्या सुटीत पुन्हा तेच.

कागदावरची नोंदणी आणि वाळूवरचा व्यवहार

महाराष्ट्रात नियम नाहीत असे नाही. साहसी उपक्रमांसाठी २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय निघाले. त्यांतील तरतुदींवर गिर्यारोहण क्षेत्रातून आक्षेप आले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाने जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या साहसी पर्यटनासाठी धोरण आणले व आयोजकांना नोंदणी आवश्यक केली. समुद्रावरील जलक्रीडांसाठी सागरी मंडळाची परवानगी लागते. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. हे सर्व योग्यच आहे.

परंतु नोंदणी सांगते ती आयोजकाकडे काय आहे हे. तो एखाद्या रविवारी सकाळी काय करतो हे ती सांगू शकत नाही. तिथे दुसराच हिशेब चालतो. होडीवाल्याचा हंगाम सात-आठ महिन्यांचा, त्यातही खरी कमाई शनिवार-रविवारची. कर्जाचे हप्ते चालू. पुण्याहून पाच-सहा तास गाडी हाकून आलेले कुटुंब समोर उभे. वारा बरा नाही हे होडीवाल्याला दिसते, कारण तो मच्छीमाराचाच मुलगा असतो. तो ‘आज नको’ म्हणाला, तर ते कुटुंब वीस पावले चालून शेजारच्याकडे जाईल. शहाणपणाची किंमत शहाण्याने एकट्याने मोजायची आणि त्याचा फायदा बेफिकीर शेजाऱ्याने घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेत माणसे वाईट नसतानाही निर्णय वाईट होतात. २४ मे २०२२ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघा पर्यटकांचा मृत्यू झाला. हंगामाच्या अखेरच्या त्या दिवसांत समुद्राचा भरवसा कमी झालेला असतो आणि गर्दी मात्र सर्वांत जास्त असते.

यावर उपाय म्हणून नियम अधिक कडक करा, असे म्हणणे सोपे आहे. त्यातही धोका आहे. मोठी कागदपत्रे, मोठी शुल्के आली की मोठ्या रिसॉर्टचे भांडवलदार टिकतात आणि गावातला होडीवाला उठतो. वारा ओळखणारा माणूस जातो आणि छापील अर्ज भरणारा उरतो. ब्रिटनमध्येही परवाना पद्धतीने साहसाला बेड्या पडतात अशी तक्रार झाली होती. २०१० मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या लॉर्ड यंग यांच्या अहवालाने ती रद्द करण्याची शिफारसही केली. तथापि ती टिकली. मुलांना समुद्रावर, डोंगरावर नेणे थांबवायचे नाही, पण नेणाऱ्याची परीक्षा व्हायला हवी, हे तत्त्व तिथल्या समाजाला पटले असावे.

आपल्यालाही समुद्र बंद करायचा नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. मच्छीमार कुटुंबांतील या स्त्रियांनी दाखवून दिले आहे, की पर्यटनाचा पैसा गावात राहू शकतो आणि खाडीही राखली जाऊ शकते. कौस्तुभ खाडे यांच्यासारख्या मुंबईकर तरुणाने २०१६-१७ मध्ये कयाकमधून भारताचा पश्चिम किनारा कन्याकुमारीपर्यंत पालथा घातला. हे वाढायला हवे. ते वाढावे म्हणूनच काही गोष्टी करणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार एकट्या होडीवाल्याच्या खिशावर सोडू नये. प्रत्येक किनाऱ्यावर बंदर खात्याचा प्रतिनिधी, गावातील एखादा जाणता तांडेल आणि जीवरक्षक यांनी मिळून सकाळी व दुपारी वारा, भरती आणि ‘इन्कॉइस’चा अंदाज पाहून बावटा लावावा. लाल बावटा लागला की सर्वांचीच होडी वाळूवर. सर्वांचे एकदम बंद झाले म्हणजे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाण्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरी, समुद्रात कयाक नेण्यापूर्वी कमरेइतक्या पाण्यातील उलटण्याचा तो अर्धा तास सक्तीचा असावा, आणि त्याचे पैसे दरातच धरावेत. ज्याला तो नको असेल त्याने प्रशिक्षकाबरोबर दोघांच्या होडीत, खाडीतच फिरावे. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. गावातील तरुणांना तिथे मराठीतून, मोफत वा नाममात्र शुल्कात प्रशिक्षण मिळाले पाहिजे.

तिसरी, एक साधी वही. कोण गेले, कधी गेले, केव्हा परतणार, आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी शोध सुरू करायचा. लाइम रीजिसच्या त्या मुलांचे तास अशा एका वहीअभावी गेले. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.

चौथी गोष्ट आपली, पर्यटकांची. वारा कोणीकडून आहे, आम्ही उलटलो तर आमच्यापर्यंत कोण आणि कशातून येणार, इतके दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायला काहीच हरकत नाही. आणि होडीवाल्याने ‘आज नको’ म्हटले तर हुज्जत न घालता, दुसरा होडीवाला न शोधता माघारी फिरावे. गाडीचे पेट्रोल वाया गेले असे वाटेल. वाटू द्यावे.

किनाऱ्यावरच्या घरांत समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. त्यात श्रद्धा आहे, तशीच एक कबुलीही आहे, की समोर जे आहे ते आपल्यापेक्षा मोठे आहे. शहरातून आलेल्या पाहुण्याला नारळ वाहायला कोणी सांगत नाही. पण ती कबुली त्याच्या अंगी बाणवण्याचे काम, होडीत बसवण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या तासात होऊ शकते. ते करायचे, की पुढच्या दुर्घटनेनंतरच्या चौकशी समितीवर सोडायचे, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.